बिनफितीचा मामा

मामाच्या गाडीत नुसतं बसता येत नसे, आधी परीक्षा द्यावी लागे.

"पट्टा?"

"लावला."

"ओढून बघितला?"

"बघितला."

"मी बघतो."

मग तो स्वतःचा पट्टा सोडून खाली उतरायचा, गाडीला वळसा घालून आपल्या दाराशी यायचा आणि खांद्यावरचा पट्टा दोन बोटांनी असा खेचायचा की माणूस लहान असेल तर उचलला जाई. मागच्या सीटवरची सगळी मंडळी अशी खेचून झाली की परत वळसा, परत स्वतःचा पट्टा, परत आरसे. तोवर शेजारी बसलेल्या मामीची एक डुलकी होऊन जाई.

एकदा बाजारातून आणलेल्या कलिंगडालाही त्याने मागच्या सीटवर पट्टा लावला. मामी बघत राहिली. म्हणाली, "लग्न झाल्यावर मला पहिल्यांदा गाडीत बसवलंत, तेव्हा इतक्या काळजीनं नव्हतं बसवलं."

"तुला तुझा तुझा लावता येत होता," मामा म्हणाला. "कलिंगडाला हात असतात का?"

मामा लिफ्ट तपासनीस होता. उंच इमारतींमधून फिरायचं, लिफ्टचे दोर, कप्प्या, ब्रेक बघायचे आणि ती माणसं न्यायला लायक आहे की नाही ते सांगायचं, हे त्याचं काम. लिफ्टमध्ये शिरलेली सगळी माणसं दाराकडे तोंड करून उभी राहतात; मामा मान वर करून छताकडे बघत उभा राही. शेजारचे लोक आपोआप वर बघायला लागायचे आणि पुढच्या मजल्यावर उतरून जायचे. स्वतः तो तळमजल्यावर राहायचा. मामीची बहीण आठव्या मजल्यावर राहायची, तिच्याकडे जायचं म्हणजे मामा जिना धरायचा.

"अहो, ही लिफ्ट तुम्हीच पास केलीय ना?" मामी विचारायची.

"केलीय म्हणून तर सांगतो. जिना चांगला आहे."

अशा माणसाने गाडी घ्यायची ठरवल्यावर ती कुठली घेणार, हे सांगायला ज्योतिषी नको. बाजारात वेगाच्या गाड्या होत्या, दिमाखाच्या होत्या, पोरीबाळी वळून बघतील अशा होत्या. आणि एका कंपनीची होती, जिच्या जाहिरातीत ना डोंगर, ना समुद्रकिनारा, ना वाऱ्यावर उडणारे केस. कोऱ्या कागदावर गाडीचं चित्र आणि खाली एकच शब्द: 'पोचाल.'

"कधी, ते दिलेलं नाही," मामी म्हणाली होती.

शोरूममध्ये लोक गाडीच्या सीटवर बसून बघतात, हॉर्न वाजवून बघतात. मामाने सूचनापुस्तिका मागितली आणि तिथेच कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. विक्रेत्याने दोनदा चहा विचारला, मग आपला डबा खाऊन आला. वाचून झाल्यावर मामाने चष्मा पुसला आणि म्हणाला, "घेतो." त्या दिवसापासून त्या पुस्तिकेतली सूचना म्हणजे मामाला दगडावरची रेघ. लांबच्या प्रवासाआधी टायरमधली हवा बघावी, असं तिच्यात होतं. किती लांबचा ते नव्हतं, म्हणून मामा दूध आणायला जातानाही हवा बघायचा.

गाडी नारिंगी होती. कितीतरी वर्षं कंपनी दुसऱ्या रंगाची गाडी काढतच नसे. धुक्यातही दिसावी म्हणून. धुकं नसताना तर ती फारच दिसायची. भावंडांत तिचं नाव पडलं 'तिजोरी', आणि मामाला त्याचा राग यायच्या ऐवजी अभिमानच वाटला, कारण कंपनीचा मूळ धंदा खरोखरच तिजोऱ्यांचा होता. हा इतिहास गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला ऐकावा लागे. पट्टे बांधलेले असल्यामुळे उठून जायची सोय नव्हती.

"कंपनीचा संस्थापक लोखंडी तिजोऱ्या करायचा," मामा पहिल्या गिअरमध्ये सुरुवात करायचा. "एकदा त्याची बहीण कुणाच्या तरी मोटारीतून चालली होती. वळणावर दार उघडलं, बहीण रस्त्यावर. दवाखान्यात तिच्या उशाशी बसून तो म्हणाला, लोकांच्या सोन्याला मी तीन तीन कुलपं लावली आणि माझ्या बहिणीला एक कडी नाही?"

इथे मामाचा आवाज दर वेळी जरा जाड व्हायचा. मागून कुणी ना कुणी विचारायचंच, "मग बहिणीचं काय झालं?"

"बरी झाली. भागीदार झाली. आपण बसतो त्या सीटची उंची तिने ठरवलेली आहे."

पहिल्या गाडीच्या उद्घाटनाची गोष्ट मामा सांगायचा नाही, ती मामी सांगायची. दारं इतकी मजबूत केली होती की समारंभाला प्रमुख पाहुणे आत बसले ते बाहेरच येईनात. शेवटी हार-गुच्छ खिडकीतून आत दिले आणि भाषण त्यांनी आतूनच केलं. कंपनीच्या अधिकृत इतिहासात याची नोंद अशी आहे: 'दारांची पहिली चाचणी मान्यवरांच्या उपस्थितीत यशस्वी झाली.'

"यात हसण्यासारखं काय आहे?" मामा म्हणायचा. "दारं उघडली का? नाही ना?"

तर असा सगळा संसार तिजोरीत बसून वीसेक वर्षं सुखरूप चालला होता. मामाच्या जिवाला घोर होता तो एकच, आणि तो अपघाताचा नव्हता. अपघात न झाल्याचा होता.

त्याचं असं की, कंपनीच्या गाडीमालकांचं एक मंडळ होतं. वर्षातून एकदा शोरूममध्ये गाड्या बाजूला सारून खुर्च्या मांडायच्या आणि मालकांनी आपापले अनुभव सांगायचे, अशी पद्धत. आता सुरक्षित गाडीच्या मालकाचा अनुभव म्हणजे काय? धडक बसली आणि वाचलो, हाच. धडकेत ताणलेला पट्टा पुन्हा वापरायचा नसतो, तो बदलावा लागतो. मग वर्कशॉपचा फोरमन त्या जुन्या पट्ट्याचा बोटभर तुकडा कापायचा, त्याला मागून टाचणी बसवायचा आणि संमेलनात तो मालकाच्या छातीवर लावला जायचा. त्याला म्हणायचे फीत. फीतवाल्यांना पुढची रांग, फीतवाल्यांना आधी जेवण, आणि बोलायचा हक्क फक्त फीतवाल्यांना. बाकीच्यांनी मागे बसून टाळ्या वाजवायच्या. वीस वर्षं मामाने उत्तम टाळ्या वाजवल्या.

एक शाळेतल्या बाई होत्या. त्यांची गाडी नाल्यात उलटी झाली. सोडवायला लोक येईपर्यंत त्यांनी उलट्या अवस्थेतच उरलेले पेपर तपासले. एक बेकरीवाला होता. त्याला ट्रकने उडवलं, आणि मागच्या सीटवरच्या टोपलीतलं एकही अंडं फुटलं नाही.

"अंडी डिकीत ठेवायची असतात," मामा शेवटच्या रांगेतून मामीच्या कानात कुजबुजला. "पान चाळीस."

"त्याला फीत मिळाली, तुम्हाला पान चाळीस," मामी म्हणाली.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे दातांचे डॉक्टर. त्यांच्या छातीवर दोन फिती होत्या, म्हणून सगळे त्यांना दोनफितीच म्हणत. एकदा ते झाडावर गेले होते आणि एकदा दुसऱ्याच्या फाटकावर. दोन्ही वेळा बाहेर येऊन त्यांनी म्हणे आधी आरशात दात बघितले. संमेलनात ते मामाच्या पाठीवर थाप मारून विचारायचे, "काय मग, अजून कोरेच?" जणू मामाचं लग्न राहिलं होतं.

कंपनीला पन्नास वर्षं होणार होती. त्या साली संमेलन मोठं व्हायचं होतं, आणि मालकांचे अनुभव कंपनीच्या इतिहासाच्या पुस्तकात छापले जाणार होते. मामाने मनाशी घेतलं: या वेळी बोलायचं. या पुस्तकात आपण असलंच पाहिजे. आयुष्यभर ज्या कंपनीचा इतिहास सांगितला, तिच्या इतिहासात एक ओळ आपली असू नये? तो नवा सदरा घालून शोरूममध्ये गेला. तिथे नवी मॅनेजर आली होती, तरतरीत मुलगी.

"बोला ना काका. काय झालं होतं?"

"कधी?"

"अपघातात."

"नाही झाला."

तिने पेनचं टोपण परत लावलं. "मग अनुभव कसला?"

"तोच अनुभव. वीस वर्षं गाडी चालवतोय आणि रोज पोचलोय. तुमच्या जाहिरातीतला शब्द आहे, पोचाल. तो खरा करून दाखवणारा सगळ्या मंडळात मी एकटाच आहे. बाकीचे पोचले ते दवाखान्यात."

मुलगी हसली, पण हुशार होती. म्हणाली, "काका, वाईट वाटून घेऊ नका. पण यात आमच्या गाडीचं काय सिद्ध होतं? तुम्ही जपून चालवता, हे सिद्ध होतं. तुमच्या हातात कुठलीही गाडी दिली असती तरी तुम्ही पोचलाच असता. साधीसुद्धा."

मामा घरी आला, नवा सदरा काढून हँगरला लावला आणि बराच वेळ सदऱ्याकडे बघत बसला.

"काय म्हणाली?" मामीने विचारलं.

"म्हणाली, साधी गाडी घेतली असती तरी चाललं असतं."

"हे तर मी घेतानाच सांगत होते."

"तू रंगाबद्दल सांगत होतीस."

रात्री मामाने जेवण उरकलं. ताटावरून उठताना म्हणाला, "एक छोटासा झाला तर?"

"काय छोटासा?"

"अपघात."

मामी या माणसाबरोबर इतकी वर्षं राहिली होती, तरी तिच्या हातातली वाटी राहिली तिथेच राहिली. मामाने समजावून सांगितलं. यात फसवणूक काही नाही. लिफ्ट चांगली आहे की नाही हे बघायला आपण ती मुद्दाम अर्ध्यात थांबवतोच ना? तसंच हे. ही चाचणी आहे.

"आणि मंडळात विचारलं, कसा झाला, तर?"

"चाचणीत झाला म्हणून सांगेन. खोटं कशाला बोलू?"

"मग फीत देतील?"

मामाने यावर विचार केला नव्हता. पण त्याचं ठरलं होतं.

रविवारी सकाळी तो मामीला घेऊन गावाबाहेरच्या बंद गोदामांच्या मागच्या मोकळ्या आवारात गेला. भिंतीला इजा नको म्हणून त्याने भिंतीपुढे भुशाची पोती रचली. पोत्यांना इजा नको म्हणून पोत्यांपुढे रिकामी खोकी लावली. मामी एका दगडावर मटारच्या शेंगा घेऊन बसली.

"याला अपघात म्हणतात की गादीवर लोळणं?" तिने विचारलं.

"तू लांब बस. अजून लांब."

मामाने हवा बघितली, आरसे लावले, पट्टा ओढून बघितला, सिग्नल देऊन निघाला. रिकाम्या आवारात, कुणी नसताना, सिग्नल. गाडी खोक्यांच्या दिशेने आली, येत राहिली आणि खोक्यांपासून वीतभर अंतरावर अलगद थांबली. मामा मागे गेला. पुन्हा आला. पुन्हा वीतभर. तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटले, आणि त्या वेळी गाडी हातभर आधीच थांबली.

"पाय ऐकत नाही गं," तो खिडकीतून म्हणाला.

तेवढ्यात गोदामाचा रखवालदार दात घासत आला. "काय चाललंय?"

"अपघात," मामी म्हणाली.

"कुणाला झाला?"

"व्हायचाय."

रखवालदाराने खोकी बघितली, पोती बघितली, नारिंगी गाडी बघितली आणि तिच्यात सदऱ्याचं वरचं बटण लावून बसलेला मामा बघितला. बाजूला थुंकला आणि म्हणाला, "बाई, साहेबांच्यानं नाही व्हायचा हा. त्याला निराळी माणसं लागतात."

येताना मामीने मटार सोललेले होते आणि मामाने पोती परत बांधलेली होती. फाटकाशी गाडी लावताना मामा एवढंच म्हणाला, "मागच्या रांगेतूनही ऐकू नीट येतं."

संमेलनाच्या संध्याकाळी मामाने जुनाच सदरा घातला. शोरूमच्या अलीकडे एक चौक आहे. तिथून शोरूमची काच दिसते, आतले दिवे दिसतात, मांडलेल्या खुर्च्याही दिसतात. चौकात सिग्नल पिवळा झाला.

आता पिवळ्या दिव्याचा अर्थ सगळ्या जगात एकच आहे, जोरात हाणा. मामा तेवढा थांबतो. तो थांबला आणि सवयीने त्याने आरशात बघितलं. मागून एक गाडी येत होती, त्यांच्याच कंपनीची. तिच्यात दोनफिती डॉक्टर एका हाताने फोन कानाला धरून कुणाला तरी आपलं आजचं भाषण म्हणून दाखवत होते. डॉक्टरांचं गणित साधं होतं. पिवळा आहे, पुढचा जाईल, पाठोपाठ आपण जाऊ. पुढचा मामा आहे, हे त्यांच्या गणितात नव्हतं.

मामाला ते सगळं आरशात दिसलं. ब्रेक दाबलेला होता, पट्टे लावलेले होते, डोकं सीटला टेकवायचं हे पुस्तिकेत होतं आणि ते त्याने टेकवलं. आणि त्याच वेळी त्याचा डावा हात स्टिअरिंग सोडून मामीच्या छातीसमोर आडवा गेला.

आवाज मोठा झाला. मग काच पडल्याचा बारीक आवाज. मग दुसऱ्या गाडीच्या दारातून डॉक्टर उतरले, त्यांनी आरशात दात बघितले आणि म्हणाले, "अरेच्चा. तुम्ही होय?"

कुणाला खरचटलंही नव्हतं. डॉक्टरीणबाई मागोमाग उतरल्या, त्या नवऱ्याकडे बघत होत्या. मामीने केस सारखे केले. आणि मामा आपल्या मनगटाकडे बघत बसला होता. ते डॅशबोर्डवर आदळून मुरगळलं होतं, बघता बघता सुजत होतं.

शोरूममधून लोक धावत आले. दोन्ही गाड्या ढकलत मागच्या वर्कशॉपमध्ये नेल्या. फोरमनने तिजोरीत डोकं घातलं, बॅटरी मारून पट्टे बघितले, नखाने शिवण खरवडली आणि बाहेर येऊन म्हणाला, "दोन्ही ताणलेत. बदलावे लागणार." मग मामाकडे बघून त्याने सावकाश हसू आणलं. "अभिनंदन, साहेब."

वीस वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो मामाच्या कानावर पडला, पण त्याचं लक्ष नव्हतं. मॅनेजर मुलगी लगबगीने आली. "काका, आता तुम्ही बोलायचं हं. डॉक्टरांनंतर लगेच तुम्ही. काय काय झालं ते मला एकदा सांगा." मामाने सगळं क्रमवार सांगितलं, दिवा, आरसा, डोकं, हात. हातापाशी तिने त्याला थांबवलं.

"तेवढं हाताचं राहू द्या, काका."

"राहू द्या म्हणजे?"

"वगळा. कंपनीची माणसं आलीयत, पुस्तकात छापायचंय. लोकांना वाटेल, तुमचा पट्ट्यावर भरवसा नव्हता."

"आहे की भरवसा."

"मग हात का घातलात?"

ती सहज विचारून गेली, तिला उत्तर नकोच होतं. पण मामा वर्कशॉपमधल्या टायरवर बसून त्या प्रश्नाशी झुंजत राहिला. मामीने कुठून तरी बर्फ आणून त्याच्या मनगटावर धरला. त्याने तिच्याकडे बघितलं. "पट्टा मी ओढून बघितला होता ना?"

"दोनदा."

"मग?"

मामी बर्फ इकडून तिकडे फिरवत राहिली.

आधी डॉक्टर बोलले. त्यांच्या छातीवर तिसरी फीत लागली. "मित्रहो," ते म्हणाले, "क्षणात सारं घडलं. डोळे उघडून बघतो तो समोर साक्षात मृत्यू उभा होता."

"मी उभा होतो," मामा खालून हळूच म्हणाला.

पुढची रांग हसली. मामा पहिल्यांदाच पुढच्या रांगेत होता, त्याला कल्पना नव्हती की तिथलं कुजबुजणंही सगळ्यांना ऐकू जातं.

मग त्याचं नाव पुकारलं. फोरमन ताटात कात्री आणि दोन पट्टे घेऊन आला, तुकडे कापले, टाचण्या लावल्या. मामाच्या जुन्या सदऱ्यावर फीत लागली. त्याने माइकसमोर उभं राहून आधी माइकचा दांडा हलवून बघितला, घट्ट आहे ना ते.

"सिग्नल पिवळा झाला," तो म्हणाला. "मी थांबलो. मागून हे आले."

लोक हसले. डॉक्टरसुद्धा हसले, उशिरा.

"पट्ट्यांनी आम्हा दोघांना धरलं. पुस्तिकेत लिहिलंय तसंच धरलं. गाडीत दोष नाही."

मॅनेजर मुलीने हसून मान डोलावली. मामाने इथे खाली उतरायचं होतं. पण ज्या माणसाने जन्मभर लिफ्टमधला बारीकसा दोषही बोलून दाखवल्याशिवाय सही केली नाही, तो असा उतरतो होय?

"एक चूक झाली, ती सांगितली पाहिजे," मामा म्हणाला. मुलीने डोळे मिटून घेतले. "मी हिला हाताने अडवायला गेलो. त्याची काही गरज नव्हती. हिचा पट्टा लावलेला होता. मागून इतकी मोठी गाडी येते, तिथे माणसाच्या हाताचा काय उपयोग? काही झाला नाही. उलट मनगट गेलं, आणि स्टिअरिंगवरचा एक हात कमी झाला, ते धोक्याचं. मला हे सगळं माहीत होतं. तरी हात गेला. का गेला ते मला सांगता येत नाही, मी तासभर विचार करतोय. पण ती चूक माझी, गाडीची नव्हे. कुणी असं करू नये. मी दिलगीर आहे."

असं म्हणून त्याने सुजलेला हात सगळ्यांना दिसेल असा वर धरला, जसा तुटका सुटा भाग दाखवतात तसा.

मग शाळेतल्या बाईंनी एक टाळी वाजवली, मग बेकरीवाल्याच्या बायकोने. मग टाळ्या अशा सुरू झाल्या की थांबेनात. मामा गोंधळून फोरमनकडे बघू लागला. आणि टाळ्या जरा ओसरल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. त्या नवऱ्याला विचारत होत्या, पण दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

"अहो, तुमचे हात कुठे होते?"

"स्टिअरिंगवर," डॉक्टर म्हणाले.

"एक. आणि दुसरा?"

त्या प्रश्नाने संमेलनाचं वाटोळं केलं. रांगारांगांतून बायका आपापल्या फीतवाल्यांकडे वळल्या. नाल्यात कोण कुठल्या बाजूला पडलं, झाडावर आदळताना कुणी कुणाचं नाव घेतलं, अशा जुन्या जुन्या चौकशा निघाल्या. बेकरीवाल्याला बायकोने विचारलं, की अंडी फुटली नाहीत हे तुम्ही दर वर्षी सांगता, मी कशी होते ते कधी सांगाल? जेवणाच्या वेळी फीतवाल्यांना आधी वाढायचं, हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

तिजोरी वर्कशॉपमध्ये ठेवून दोघं टॅक्सीने घरी निघाली. मामाच्या बाजूला पट्टा होता, मामीच्या बाजूचा तुटलेला होता. मामाने तिला आपल्या बाजूला बसवलं. तो खट्टू होता.

"लोक हसत होते की टाळ्या वाजवत होते?"

"दोन्ही."

"चूक सांगितली, तिला कसल्या टाळ्या? वीस वर्षं पिवळ्याला थांबतोय, त्याला कुणी वाजवली का कधी?"

"नाही वाजवली," मामी म्हणाली. "दुखतोय का?"

"नाही."

"खोटं बोलताय."

"जरा दुखतोय."

मामीचीही फीत होती. तिने ती बाजाराच्या पिशवीच्या तुटलेल्या बंदाला शिवून टाकली. मजबूत आहे म्हणाली. मामाची फीत काही दिवस सदऱ्यावर होती. सदरा धुवायला गेला तेव्हा काढून ठेवली ती राहिलीच.

आणि मामाची ओळ छापली गेली. इतिहासाच्या पुस्तकात नाही, तिथे डॉक्टर आणि मृत्यू आले. पण पुढच्या महिन्यात कंपनीने सगळ्या मालकांना सूचनापुस्तिकेचं नवं पान पाठवलं. त्यात ठळक अक्षरांत होतं: 'धडकेच्या वेळी चालकाने शेजारच्या व्यक्तीस हाताने अडवण्याचा प्रयत्न करू नये.'

मामाने ते पान मला वाचून दाखवलं, शेजाऱ्यांना वाचून दाखवलं, दुधवाल्याला थांबवून वाचून दाखवलं. "हे माझ्यामुळे आलं," तो सांगायचा. त्याच्या आवाजात तो संस्थापकाच्या बहिणीच्या वेळचा जाडपणा आला होता.

मामी लसूण सोलत ऐकत होती. "बघ गं," ती मला म्हणाली, "इतक्या वर्षांत या माणसानं एक गोष्ट कंपनीला न विचारता केली. तर तिच्यावरही त्यांनी बंदी घातली."

मामाने पान पुस्तिकेत जागच्या जागी लावलं, कडा जुळवल्या आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

"बंदी कुठली," तो म्हणाला. "सूचना आहे नुसती."